एकजूट कोणाची आणि कशासाठी?

युरोपातील फुटबॉलच्या संघांविषयी तेरणेच्या काठी बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांस थोडे नवल वाटेल. ह्या गावात गोरोबाकाकांची समाधी आहे, त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे, लामतुऱ्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय आहे. ह्यांत चेंडू कोठून आला, असे कोणीही विचारील. परंतु आमचा विषय खरोखर चेंडूचा नसून एकजुटीचा आहे, आणि तो तेरला परका नाही.

तेर म्हणजे प्राचीन तगर. ही ओळख फ्लीट ह्या विद्वानाने १९०१ साली साधार मांडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले असून, तेथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई, अशी नोंद आहे. एवढ्या दूरचा, वाट बिकट असलेला व्यापार एकट्यादुकट्या विणकराच्या बळावर चालणे शक्य नव्हते, हे उघड आहे. त्या काळी एका धंद्यातील माणसे एकत्र येऊन 'श्रेणी' उभी करीत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, व दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने कायमचे ठेवले. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे होते. राजाच्या जावयाने आपली ठेव विणकरांच्या हाती विश्वासाने द्यावी, ही पत एकट्या विणकराला कोठून येणार? ती एकजुटीची पत होती.

मात्र आपल्या पूर्वजांनी एकजुटीची दुसरी बाजूही ओळखली होती. व्यापारी संगनमत करून माल अडवून धरतील किंवा अवाच्या सव्वा भावाने विकतील, तर त्यांना १००० पण दंड करावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. म्हणजे एकत्र येणे हा गुन्हा नाही; एकत्र येऊन इतरांची वाट अडविणे हा गुन्हा.

आता युरोपकडे वळू. तेथे फुटबॉलचा कारभार दोन मोठ्या संस्था पाहतात: जगासाठी १९०४ साली स्थापन झालेली फिफा, आणि युरोपसाठी १९५४ साली स्थापन झालेली युएफा. खेळाडूला पगार देतो त्याचा क्लब. परंतु देशाचा सामना आला की खेळाडूला सोडणे क्लबवर बंधनकारक असते. दुखापत झाली तर भुर्दंड कोणी सोसावयाचा? २००४ च्या नोव्हेंबरात बेल्जममधील शार्लरवा ह्या लहान क्लबचा उल्मर्स नावाचा खेळाडू मोरोक्कोकडून खेळताना जायबंदी झाला व कित्येक महिने मैदानाबाहेर राहिला. क्लबने फिफाविरुद्ध दावा लावला. त्याच्या पाठीशी उभे राहिले ते बडे क्लब. रेआल माद्रिद, बार्सेलोना, बायर्न म्युनिक, मँचेस्टर युनायटेड, युव्हेंटस इत्यादी चौदा क्लबांनी २००० साली 'जी-१४' नावाचा गट काढला होता. पुढे त्याचे अठरा सभासद झाले. २००८ साली तडजोड झाली. दावा मागे घेण्यात आला, जी-१४ विसर्जित झाला, अधिक व्यापक अशी युरोपीय क्लब संघटना निघाली, आणि मोठ्या स्पर्धांच्या उत्पन्नातील वाटा क्लबांना मिळू लागला. २०१० च्या विश्वचषकासाठी ही रक्कम ४ कोटी डॉलर होती. २०२२ साली ती सुमारे २०.९ कोटी झाली व ४४० क्लबांत वाटली गेली. बड्यांच्या एकजुटीचा लाभ येथे लहानांपर्यंत पोचला.

पण तेच बडे दुसऱ्या मार्गालाही लागले. १८ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडचे सहा आणि स्पेन व इटलीचे प्रत्येकी तीन, अशा बारा क्लबांनी 'सुपर लीग' जाहीर केली. वीस संघांपैकी पंधरांची जागा कायमची. हरले तरी जागा जावयाची नाही! प्रेक्षक रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांत सहाही इंग्रजी क्लबांनी माघार घेतली. बेत कोसळला. तथापि २०२३ च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयाने युएफा व फिफा ह्यांनाही ठपका दिला: नव्या स्पर्धांना परवानगी देण्याचे त्यांचे नियम पारदर्शक नसल्यामुळे तो वर्चस्वाचा गैरवापर ठरतो. त्यामुळे सुपर लीगला मान्यता दिलीच पाहिजे असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. वाट अडविण्याचा दोष रखवालदारालाही लागू शकतो, हा ह्यातील बोध.

हे सारे दूरदेशीचे आहे असेही नाही. शेजारच्या गोव्यात धेंपो क्लबने देशाचे विजेतेपद पाच वेळा जिंकले होते. २०१४ साली पैसा भरून जागा घेणाऱ्या संघांची नवी लीग निघाली, आणि तिलाच वरचे स्थान देण्याची योजना पुढे आली. तेव्हा २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही गोमंतकीय क्लब जुन्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मैदानावर मिळविलेली जागा पैशापुढे टिकणार नसेल, तर खेळावयाचे कशासाठी, असा हा प्रश्न होता.

म्हणून कोणतीही एकजूट समोर आली, मग ती क्लबांची असो, आडत्यांची असो की कारखान्याच्या सभासदांची असो, आम्ही तीन प्रश्न विचारावे असे सुचवितो. नव्या माणसाला आत येण्यास दार आहे काय? आतल्याने काम बिघडविले तर त्याची जागा जाते काय? आणि मिळालेल्या लाभातील काही भाग बाहेरच्या दुबळ्यापर्यंत पोचतो काय? प्राचीन श्रेणीचे दारही सर्वांस उघडे होते असा आमचा दावा नाही. पण विणकरांच्या हाती ठेवलेल्या पैशातून भिक्षूंच्या अंगावर वस्त्र आले, एवढे शिळेवर कोरलेले आहे. आजच्या एकजुटींचा हिशेबही असाच सर्वांना वाचता येईल, अशा जागी लिहिलेला असावा.