सहाव्या वर्षाची वेस

गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. १९२६ साली त्यांचा आणि ताराबाई मोडकांचा नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि गुजराती-मराठी घरांत माँटेसरी पोचली. पण ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांपुरतीच. मूल पहिलीला गेलं की माँटेसरी संपली, हे आपण शंभर वर्षं धरूनच चाललो आहोत.

खरं तर पुढचा बराच भाग आपल्याच देशात घडला. १९३९च्या नोव्हेंबरात मारिया माँटेसरी मद्रासला, अड्यारला आल्या. जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने त्यांच्या मुलाला, मारिओला, अहमदनगरच्या छावणीत नेऊन ठेवलं. सुटका झाली ती बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी. पुढे कोडाईकनालच्या मुक्कामात या दोघांनी सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी विश्वाची उत्पत्ती, जीवसृष्टी, माणसाचा इतिहास असा मोठा पसारा गोष्टींतून आणि साधनांतून मांडला. आपल्याकडे मात्र रुजल्या त्या दट्ट्यापेट्या, गुलाबी मनोरा आणि खरखरीत अक्षरं. प्राथमिक शाळा हे लोकल बोर्डाचं राज्य. ठरलेली पुस्तकं, परीक्षा, तपासनीस. तिथे शिरकाव अवघड होता हे खरंच, पण बालशिक्षणवाल्यांनी ते दार फारसं ठोठावलंही नाही, असं मला वाटतं.

अपवाद कोसबाडचा. ताराबाई आणि अनुताई वाघ १९४५पासून बोर्डीत काम करत होत्या. १९५७ साली त्या डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची थोरली मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड. म्हणून ‘विकासवाडी’ नावाच्या तिथल्या केंद्रात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच शिकायचं. माझ्या मते गळतीवर याहून सरळ उपाय आपल्याकडे नंतर कुणी केला नाही.

शहरातली गळती वेगळी, ती खाऊनपिऊन सुखी घरांतली. तीन ते सहा वयाची मुलं एका वर्गात, हा माँटेसरी पद्धतीचा कणा. पाचव्या वर्षी मूल मण्यांवर हातच्याची बेरीज करू लागतं: दहा सुटे मणी झाले की ते देऊन दहाची दांडी घ्यायची, दहा दांड्यांचा शंभराचा चौकोन. हातचा एक कुठून आला, हे बोटांना कळतं. नेमक्या याच सुमारास मोठ्या शाळेचे प्रवेश निघतात. ‘आत्ता नाही घेतलं तर पहिलीत कोण घेणार?’ ही आईबापांची धास्ती खोटी नाही. बऱ्याच शाळांच्या जागा ज्युनिअर केजीलाच भरतात. मूल जातं, आणि धाकट्यांना बुटाची नाडी बांधून दाखवणारं कुणी वर्गात उरत नाही.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा केला. कागदावर सहाव्या वर्षाची वेस गेली. पण अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे आणि पहिली शिक्षण खात्याकडे, ही वाटणी तशीच आहे. शिवाय माँटेसरीचा पुढचा गट सहा ते नऊचा. नवी रेघ त्याला आठव्या वर्षीच मधे कापते. पहिलीपुढेही हे काम नेटाने चालवणाऱ्या शाळा आहेत, थोड्या. तिथे चौकशीला आलेले पालक साधनांकडे कौतुकाने बघतात आणि विचारतात, दहावी कुठल्या बोर्डाची?