बुगांडाचे ‘वाचक’

युगांडात दरवर्षी ३ जूनला सार्वजनिक सुटी असते. राजधानी कम्पालाजवळच्या नामुगोंगो येथे त्या दिवशी लाखो भाविक जमतात. १८८६ मध्ये याच दिवशी राजाज्ञेने तेथे जिवंत जाळण्यात आलेल्या तरुण ख्रिस्ती राजसेवकांचे हे स्मरण. त्या काळात मारल्या गेलेल्या २२ कॅथलिकांना १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी संतपद बहाल केले. मात्र त्याच नामुगोंगोत दहा वर्षे आधी मुस्लिमांनीही धर्मासाठी प्राण दिले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

आफ्रिकेवर दोन्ही धर्म बाहेरून लादले गेले, असे विधान सर्रास केले जाते. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या बुगांडा राज्याला ते लागू पडत नाही. तेथे दोन्ही धर्म आले ते ‘कबाका’ म्हणजे राजाचे पाहुणे होऊन. १८४० च्या दशकात झांझिबारकडील व्यापाऱ्यांबरोबर इस्लाम आला. पुढे कबाका पहिला मुतेसा रमजानचे रोजे पाळू लागला, त्याने मशीद बांधली. पण सुंता मात्र करून घेतली नाही, कारण राजाचे रक्त सांडणे परंपरेला निषिद्ध होते. नेमकी हीच बाब स्फोटक ठरली. सुंता न झालेल्या राजाच्या खाटकाने कापलेले मांस आम्ही खाणार नाही, असे काही तरुण मुस्लिम दरबारी म्हणू लागले. राजाच्या पंगतीत राजाचे अन्न नाकारणे हा उघड द्रोहच! १८७६ मध्ये त्यांना मृत्युदंड मिळाला.

उत्तरेकडून इजिप्तचे सैन्य सरकत येत होते. मुतेसाला नवा मित्र हवा होता. १८७५ मध्ये आलेल्या स्टॅन्लीमार्फत त्याने मिशनऱ्यांना बोलावणे धाडले, यात श्रद्धेपेक्षा राजकारणच अधिक होते. १८७७ मध्ये इंग्रज प्रोटेस्टंट, तर १८७९ मध्ये फ्रेंच कॅथलिक आले. तिन्ही पंथांचे वाद दरबारात रंगत आणि मुतेसा ते चवीने ऐके. १८८४ मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याचा ना बाप्तिस्मा झाला होता, ना सुंता.

त्याच्या सेवकांनी मात्र धर्म मनावर घेतला होता. लुगांडा भाषेत ‘ओकुसोमा’ म्हणजे वाचणे. प्रार्थनेलाही तोच शब्द रूढ झाला. नवधर्मीय, मग तो मुस्लिम असो वा ख्रिस्ती, ‘वाचक’ म्हणूनच ओळखला जाई. कुराण काय किंवा बायबल काय, राजाहून मोठा अधिकार पुस्तकात असतो, ही कल्पनाच सिंहासनाला हादरा देणारी होती. मुतेसाचा तरुण वारस म्वांगा हिच्यामुळेच बिथरला आणि १८८६ चे हत्याकांड घडले.

१८८८ मध्ये मुस्लिम व ख्रिस्ती वाचकांनी एकत्र येऊन म्वांगाला पदच्युत केले. महिन्याभरातच मुस्लिमांनी ख्रिस्त्यांना हुसकावले. पुढे ख्रिस्त्यांनी म्वांगालाच परत गादीवर बसवले! मग ख्रिस्त्यांतच फूट पडली. कॅथलिकांना ‘फ्रेंच’ आणि प्रोटेस्टंटांना ‘इंग्रज’ म्हटले जाई, वस्तुतः दोन्हीकडे लढणारे बुगांडाचेच होते. १८९२ मध्ये कॅप्टन लुगार्डच्या मॅक्सिम तोफेने निकाल प्रोटेस्टंटांच्या बाजूने लावला आणि १८९४ मध्ये बुगांडा ब्रिटिशांचे संरक्षित राज्य बनले. सरदारक्या धर्मानुसार वाटल्या गेल्या. प्रोटेस्टंटांना मोठा वाटा, कॅथलिकांना त्याहून कमी आणि सर्वांत आधी आलेल्या मुस्लिमांच्या हाती जवळपास काहीच नाही. १९५४ मध्ये डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन झाली, ती याच वाटणीवर नाराज असलेल्या कॅथलिकांच्या पाठबळावर.