रिकाम्या खुर्च्या आणि नगरपालिका

मंदी आली की माणूस सर्वांत आधी बाहेरचं खाणं कमी करतो. घरभाडं, शाळेची फी, औषधं यांना हात लावता येत नाही; रविवारचा मसाला डोसा मात्र सहज टाळता येतो. छोट्या हॉटेलांचे आणि खानावळींचे हिशेब मी बरीच वर्षं लिहीत आलो आहे. गल्ला निम्म्यावर आला म्हणून जागेचं भाडं निम्मं होत नाही, हे त्या वह्यांत स्पष्ट दिसतं. कापडवाला न खपलेला माल पुढच्या सणापर्यंत ठेवू शकतो. दुपारी रिकामी राहिलेली खुर्ची मात्र रात्री दोनदा विकता येत नाही. मग कात्री लागते ती वाढप्याला आणि भांडी घासणाऱ्या बाईला. त्यांच्या मागोमाग भाजीवाल्याची आणि दूधवाल्याची उधारी थकते.

अशा वेळी आपण म्हणतो, सरकारने काहीतरी करावं. पण कोणत्या सरकारने? बहुतेक हॉटेलांच्या बिलावरचा ५ टक्के जीएसटी नगरपालिका कमी करू शकत नाही. तो निर्णय केंद्र आणि राज्यं मिळून घेतात. कोरोनाच्या काळात ५ ऑक्टोबर २०२० पासून महाराष्ट्रातली हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, तो निर्णयही राज्याचा होता. शिवाय मंदीत नगरपालिकेची स्वतःचीच तिजोरी आटते. रोख रक्कम वाटणं तिला झेपणारं नाही.

मग तिच्या हाती उरतं काय? जागा, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि परवाने. हे थोडं वाटतं, पण थोडं नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये तिथे हॉटेलात आत बसून जेवायला बंदी होती. शहराने पदपथावर आणि गाड्या उभ्या करण्याच्या पट्ट्यात टेबलं मांडायला परवानगी दिली. फी घेतली नाही. नियम पाळतो, असं मालकाने स्वतः लिहून दिलं की पुरे. दहा हजारांहून अधिक हॉटेलांनी याचा लाभ घेतला. घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांच्या पोचवणुकीच्या दलालीवरही शहराने १५ टक्क्यांची मर्यादा घातली. लिथुआनियाची राजधानी विल्निअस हिने तर एप्रिल २०२० मध्येच आपले चौक हॉटेलांना मोफत खुले केले.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये पुढे उंदीर, गोंगाट, अडलेले रस्ते यांच्या तक्रारी आल्या. २०२३ मध्ये नवा कायदा झाला. फी आली आणि रस्त्यावरची टेबलं एप्रिल ते नोव्हेंबर एवढीच राहिली. सवलत देतानाच ती किती दिवसांची आणि कोणत्या अटींवर, हे ठरवलेलं बरं, हा त्यातला धडा.

आपल्याकडे ही योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. आपल्या पदपथावर आधीच पादचारी आणि फेरीवाले दाटीवाटीने उभे आहेत. हॉटेलाला जागा देताना वडापावच्या गाडीला हुसकावलं, तर एकाचं पोट भरायला दुसऱ्याचं रिकामं केल्यासारखं होईल. गाडीवाल्यासाठी नगरपालिकेचा कागद किती मोलाचा असतो, हे जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत दिसलं. तिच्यात सुरुवातीला १०,००० रुपयांचं कर्ज मिळायचं, पण त्यासाठी नगरपालिकेचं ओळखपत्र, विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागायचं. ते वेळेत मिळालं तर बँकेचं दार उघडायचं.

माझ्या मते पहिली मदत मुदतीची असावी. कर माफ करू नका, हप्ते बांधून द्या. माफीचा मोठा वाटा मोठ्या जागेवाल्याला मिळतो. हप्त्याने छोट्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. परवान्याचं नूतनीकरण एका खिडकीवर, ठरलेल्या दिवसांत करा. स्वच्छता आणि आगीपासूनची सुरक्षितता यांत मात्र तसूभरही सवलत नको. तिथली काटकसर गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतते. आणि सवलत घेणाऱ्याने कामगार टिकवावेत, अशी अट घाला.

नगरपालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी मांडलं जातं. आपल्या नगरसेवकाला तेव्हा एवढंच विचारा: कोपऱ्यावरची खानावळ अडचणीत आली, तर आपल्याकडे तिच्यासाठी नियम तयार आहे का? संकट आल्यावर नियम लिहायला बसलं, तर तो छापून येईपर्यंत चूल विझलेली असते.