सहा ग्रॅमची पुडी

सोलापूर सोडून गाडी होटगी जंक्शनला आली की रूळ दोन वाटांना लागतात. एक वाडीवरून चेन्नईकडे, दुसरी विजयपूर-गदगकडे. डाळिंबावरचा तेल्या मात्र हा फाटा मानत नाही. सांगोल्याच्या बागेत दिसणारा डाग विजयपूर-बागलकोटातही तसाच दिसतो. आधी पानावर तेल सांडल्यासारखा ठिपका, मग फळावर काळपट चट्टा, आणि शेवटी फळ तडकते. तडकलेल्या डाळिंबाला व्यापारी हात लावत नाही.

तेल्या ही बुरशी नव्हे. तो झँथोमोनास नावाचा जिवाणू आहे. म्हणूनच कृषी सेवा केंद्राच्या फळीवर, कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या शेजारी, सहा ग्रॅमची एक पुडी वर्षानुवर्षे ठेवलेली असे: स्ट्रेप्टोसायक्लिन. ही पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची. देशात पेनिसिलिन बनावे म्हणून 1954 साली उभा राहिलेला हा सरकारी कारखाना. पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. क्षयरोग्याला स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन द्यायचे तर मोठ्या माणसाचा दिवसाचा डोस जास्तीत जास्त एक ग्रॅम. म्हणजे एका पुडीत एका रोग्याचे चार-पाच दिवसांचे औषध. फरक एवढाच, की दवाखान्यात त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

ही दोन औषधे वेगळ्या गटांतली असली तरी घाव एकाच ठिकाणी घालतात. सोलापुरी चादरीवरून ते चटकन समजते. जिवाणूच्या पेशीत प्रथिने विणणारा माग असतो, त्याचे नाव रायबोसोम. जॅकार्डच्या पंच केलेल्या कार्डांवरून नक्षी उतरावी, तसा तो जनुकाचा निरोप वाचत विणत जातो. स्ट्रेप्टोमायसिन हे वाचन बिघडवते, त्यामुळे भलतीच नक्षी विणली जाते. टेट्रासायक्लिन धागा मागापर्यंत पोचूच देत नाही. पेनिसिलिन मागाच्या वाटेला जात नाही. ते कारखान्याच्या भिंतीच उभ्या राहू देत नाही. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसल्याने पेनिसिलिन बहुतेकांना सोसते. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी असते त्यांच्या मात्र ते जिवावर बेतू शकते.

माग माणसाच्या पेशीतही असतात. त्यातही पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातले माग जिवाणूच्या मागांशी बरेच मिळतेजुळते. स्ट्रेप्टोमायसिनचा गट आतल्या कानाला बाधतो त्यामागे हे एक कारण मानले जाते. रोग्याला चक्कर येते, तोल जातो, काहींना ऐकू येईनासे होते. कानातल्या केसाळ पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. याच गटातल्या औषधांनी मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते, म्हणून ती देताना रक्ततपासणी करत राहावी लागते.

टेट्रासायक्लिनचे वेड कॅल्शियमचे. दुधाबरोबर गोळी घेतली तर औषध कॅल्शियमला चिकटते आणि पोटातून रक्तात नीट उतरत नाही. लहान मुलांच्या घडणाऱ्या दातांत ते कॅल्शियमसोबत जाऊन बसते आणि दात कायमचे पिवळट-तपकिरी होतात, म्हणून गरोदर बाईलाही ते सहसा देत नाहीत. या गटातला पहिला शोध 1948 चा, ऑरिओमायसिन. तो लागला त्या लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाची सूत्रे आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. याच कुळातले डॉक्सीसायक्लिन आज लेप्टो आणि स्क्रब टायफसवर हमखास दिले जाते.

पुडीचे दुखणे वेगळे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नासपतीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी चाले. तिथे 1971 मध्येच त्याला न जुमानणारा जिवाणू सापडला. असे निर्ढावलेपण देणारी काही जनुके एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारतात. बागेतला जिवाणू माणसाला तेल्या लावणार नाही, पण त्याचे जनुक माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूच्या हाती लागू शकते. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने ही जोडी शेतीतून हटवण्याचा मसुदा काढला. त्यात 1 जानेवारी 2024 पासून वापर पूर्ण थांबवायचा प्रस्ताव होता.

मग तेल्याचे काय? सोलापूरजवळ केगावला 2005 साली सुरू झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथला सल्ला ऐकायला साधा, करायला कष्टाचा. छाटणीची कात्री दर झाडागणिक निर्जंतुक करायची, रोगट फळे-फांद्या बागेबाहेर नेऊन जाळायच्या, बोर्डो मिश्रण फवारायचे, तोडणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्यायची. आणि जमल्यास हस्त बहार धरायचा, कारण दमट पावसाळी हवेत तेल्या फोफावतो आणि हस्ताची फळे कोरड्या दिवसांत पोसतात. अडचण पाण्याची. मृगाच्या बहाराला पाऊस हात देतो. हस्ताची फळे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत विहिरीवर आणि ठिबकवर जगवावी लागतात.