मालाबरोबर आलेले बी

लोणावळ्याहून नागफणीच्या सुळक्याकडे निघाले की घाटमाथ्यावर कुरवंडे लागते. येथून कोकणात उतरणारी वाट जुनी. १६६१ साली कारतलबखान ही वाट उतरला आणि उंबरखिंडीत अडकला, म्हणून इतिहासाने तिची दखल घेतली. एरवी सह्याद्रीतल्या अशा घाटवाटांवरून बैलांच्या पाठीवर माल वाहत असे, आणि मालाबरोबर बरेच काही नकळत येत-जात असे. त्याची नोंद ना वहीत होई, ना जकातीच्या नाक्यावर.

अशाच एका नोंद नसलेल्या वस्तूची ही हकीकत. पावसाळ्यात पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला, पडीक प्लॉटवर, गोदामामागच्या मोकळ्या जागेत गाजरासारख्या पानांची आणि बारीक पांढऱ्या फुलांची झाडे कमरेइतकी वाढतात. कोणी त्यांना गाजरगवत म्हणतो, कोणी चटकचांदणी. बहुतेकांच्या तोंडी नाव काँग्रेस गवत.

मूळची ही वनस्पती अमेरिका खंडातली. १९५५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना पुण्यात उकिरड्यावर तिची तुरळक रोपे आढळली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून त्यांनी तीन पानांचे टिपण प्रसिद्ध केले. त्या वेळी काही मजुरांच्या हातांनी पुण्यातला प्रश्न कदाचित मिटलाही असता. परंतु अशी टिपणे बाजारपेठेपर्यंत पोहोचत नाहीत. १९६८ साली पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील डॉ. वा. द. वर्तक यांनी या तणाबद्दल लिहिले, तेव्हा महाराष्ट्रातील पिके आणि गवताळ कुरणे यांना त्याचा धोका आहे, असे सांगण्याची वेळ आलेली होती. देवराईंच्या अभ्यासामुळे वर्तकांचे नाव आपल्याला अधिक परिचित आहे.

हे बी अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेच्या गव्हातून आले, ही समजूत घरोघरी आहे. तारखा मात्र तिला पुरती साथ देत नाहीत. त्या योजनेचा भारताशी करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला आणि रावांची रोपे त्याआधीची आहेत. १९५१ पासून कर्जाऊ अमेरिकन धान्य येत होतेच, त्यामुळे धान्यावरचा संशय अगदीच निराधार नाही. पण एकाच योजनेला दोष देऊन मोकळे होणे ही सोय झाली, संशोधन नव्हे.

बी जेमतेम दोन मिलिमीटरचे. एका झाडाला ते हजारोंनी धरते. पोत्याच्या शिवणीत, ट्रकच्या चाकांना लागलेल्या चिखलात, भरावाच्या मातीत ते सहज बसते. या झाडातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ रोखते आणि माणसाच्या त्वचेलाही सोसत नाही. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली या त्वचादाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सतत संपर्कात येणाऱ्यांना होणारा हा त्रास साध्या खाजेपुरता राहत नाही.

तेलाचा किंवा शेंगदाण्याचा व्यापार असलेल्या घरांनी २००० सालचे अनंतपूर जरूर आठवावे. आंध्रातील त्या जिल्ह्यात भुईमुगाची झाडे करपून गेली. सुमारे सव्वादोन लाख हेक्टरांवर रोग पसरला आणि नुकसान ३०० कोटी रुपयांच्या वर गेले. कारण होते टोबॅको स्ट्रीक नावाचा विषाणू. तो गाजरगवतात मुक्काम करतो, पण झाडावर आजाराची खूण दिसत नाही. विषाणू असलेले परागकण वाऱ्याने आणि फुलकिड्यांबरोबर भुईमुगावर येतात. किडे पान कुरतडतात आणि त्या जखमेतून रोग आत शिरतो. बांधावरचे निरुपद्रवी वाटणारे गवत असे दोन शेतांपलीकडच्या पिकाचे वैरी ठरते.

उपाय म्हणून १९८४ साली बेंगळुरूला झायगोग्रामा हा मेक्सिकोतला भुंगेरा सोडण्यात आला. तो या झाडाची पाने फस्त करतो, मात्र आपल्याकडे त्याचे काम मुख्यतः पावसाळ्यात चालते. पुढे तो सूर्यफुलाची पानेही खातो, अशी तक्रार आली आणि चौकशी होईपर्यंत त्याचा प्रसार थांबवावा लागला. परका उपाय आणतानाही परक्या पाहुण्याइतकीच पारख करावी लागते.

वनस्पतीलाही जीव मानणाऱ्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल: उपटणे, फवारणे, किडा सोडणे, यांतील कोणत्या मार्गात कमी हिंसा? माझ्या मते याचे उत्तर शेताआधी गोदामात सापडते. रुजलेल्या लाखो रोपांपेक्षा, न रुजू दिलेल्या बियांसाठी कमी जीव जातात. आपल्या वडीलधाऱ्यांची जयणा बहुधा हेच सांगत होती. शास्त्र त्यालाच कीडजोखीम म्हणते. आयात धान्याबरोबर कोणती कीड, रोग वा तण येऊ शकेल याचा आधी अंदाज घ्यावा, असे बंधन २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाने घातले आहे. मात्र देशातल्या देशात, एका बाजारसमितीतून दुसरीत जाणाऱ्या पोत्यांना हा आदेश लागू नाही. तेथे पारख व्यापाऱ्यालाच करावी लागते.

गोदामात करण्याजोगे काम फार नाही. चाळणीतला कचरा मागच्या उकिरड्यावर फेकू नये. तो बंद पोत्यात साठवून जाळावा. रिकामे बारदान झटकण्याची जागा फरसबंद असावी. आवारात गाजरगवत उगवलेच, तर हातमोजे घालून आणि नाकातोंडाला फडके बांधून ते फुले येण्यापूर्वी मुळासकट काढावे. फुले आल्यानंतर उपटलेले झाड वाळत असतानाही बी टाकू शकते.