विश्लेषण : गाणे तुमचे, पण पैसे कोणाचे? स्वतंत्र गीतकारांनी ऑनलाइन पदार्पणाआधी काय पाहावे?

घरातल्या खोलीत रेकॉर्ड केलेले गाणे आता काही दिवसांत जगभरच्या ॲपवर पोहोचू शकते. संजू राठोड याने स्वतः लिहून गायलेले ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये रील्समधून देशभर पोहोचले आणि मराठी गाण्यालाही मोठा श्रोतृवर्ग मिळू शकतो, हे दिसले. मात्र गाणे ऑनलाइन उपलब्ध होणे, ते ऐकले जाणे आणि त्याचे पैसे लिहिणाऱ्याच्या खात्यात येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेकांची गाडी तिसऱ्या टप्प्यावर अडते. असे का होते?

एका गाण्यात हक्क किती?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार एका गाण्यात किमान तीन हक्क असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा. निर्माता म्हणजे ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर रेकॉर्डिंग झाले तो. गायकाला सादरकर्त्याचे वेगळे हक्क असतात. गीतकाराने स्वतःच्या खर्चाने रेकॉर्डिंग केले, तर निर्मातेपणही त्याच्याकडे राहते. मित्रमंडळींनी मिळून गाणे केले असेल, तर कोणाचा किती वाटा हे प्रदर्शनाआधीच लिहून सह्या घ्याव्यात. गाणे चालल्यावर ही चर्चा कठीण होते.

गाणे तयार होताच कॉपीराइट आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

गाणे ॲपवर पोहोचते कसे?

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन अशा ॲपवर गाणे साधारणपणे डिजिटल वितरकामार्फत जाते. काही वितरक वार्षिक शुल्क घेतात, काही कमाईतला टक्का कापतात. वार्षिक शुल्क भरणे थांबवले तर गाणे ॲपवरून उतरवले जाणार का, हे आधीच तपासावे. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. वितरक बदलताना तोच क्रमांक कायम ठेवावा, म्हणजे आधी जमलेली ऐकण्याची संख्या तुटण्याची शक्यता कमी होते.

वितरकाकडून येणारे पैसे मुख्यतः ध्वनिमुद्रणाचे असतात. शब्द आणि चालीच्या मानधनासाठी ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ म्हणजे आयपीआरएसचे सदस्य व्हावे लागते. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांसाठी रॉयल्टी गोळा करते. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाण्याची तिथे नोंद करावी लागते. गाण्याची नोंदच नसेल, तर जमा झालेली रक्कम कोणाची हे संस्थेला कळणार नाही.

प्रसिद्धी कधी सुरू करावी?

गाणे आल्यावर नव्हे, तर तीन-चार आठवडे आधी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणे सुचवण्याची सोय कलाकारांच्या खात्यात मोफत असते. मात्र ते प्रदर्शनाच्या किमान ७ दिवस आधी सुचवणे सोयीचे. तेवढा वेळ दिला तर निवड झाली नाही तरी गाणे फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’मध्ये जाते.

दुसरा मुद्दा नावाचा. मराठी श्रोता शोधताना बहुतेकदा रोमन लिपीत टाइप करतो आणि एकाच शब्दाची चार स्पेलिंग करतो. म्हणून यूट्यूबच्या शीर्षकात किंवा वर्णनात दोन्ही लिप्यांत नाव द्यावे. वर्णनात गीत, संगीत, गायन, संयोजन अशी पूर्ण श्रेयनामावली आणि देवनागरीत शब्द असावेत. गीतकाराचे नाव ॲपवर दिसत नाही, ही जुनी तक्रार. पण स्वतःचे गाणे चढवताना तो रकाना भरणे त्याच्याच हातात असते.

रील व्हायरल झाले, मग पैसे?

गाणे थेट रील म्हणून टाकले, तर ते ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून दिसते. वितरकामार्फत पाठवले, तर इन्स्टाग्रामच्या संगीत लायब्ररीत गाणे आणि कलाकाराच्या नावाने येते. त्यामुळे आधी लायब्ररीत गाणे पोहोचवावे, मग रील करावे.

यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज अशी अट आहे. स्पॉटिफाय २०२४ पासून, १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही. एका स्ट्रीमला ठरलेला दरही नसतो. एकूण जमा रकमेतून ऐकण्याच्या प्रमाणात वाटा मिळतो. म्हणूनच दहा गाणी घाईने टाकण्यापेक्षा दोन गाण्यांमागे सातत्याने लागणे बरे.

व्ह्यूज विकत घ्यावेत का?

‘अमुक रुपयांत लाखभर स्ट्रीम’ असे मेसेज नवोदितांना सर्रास येतात. असे बनावट स्ट्रीम आढळल्यास ते मोजले जात नाहीत. शिवाय स्पॉटिफाय वितरकाकडून दंड आकारते, तो कलाकाराकडून वसूल होऊ शकतो आणि गाणेही उतरवले जाऊ शकते. यंत्राने ऐकलेल्या गाण्यामुळे ॲपला खरा श्रोता कोण हेही कळत नाही आणि पुढच्या शिफारशी चुकतात.

कंपनीचा करार आला तर?

गाणे चालू लागले की हक्क मागणारे फोन येतात. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच वैध असते. करारात मुदत नमूद नसेल तर कायद्याने ती ५ वर्षे, तर क्षेत्र नमूद नसेल तर फक्त भारत धरले जाते. पण ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द करारात लिहिलेले असतील, तर हे संरक्षण मिळत नाही. सही करण्याआधी नेमके हेच शब्द शोधावेत.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठा आधार दिला. हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. तो फक्त वारस किंवा कॉपीराइट सोसायटीकडे देता येतो. ‘एकरकमी घ्या, पुढे काही मागू नका’ असे कलम असेल, तर वकिलाला दाखवावे.

जुनी कविता किंवा अभंग वापरता येतो का?

कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. १९४१ मध्ये निधन झालेल्या भा. रा. तांबे यांच्या कविता आता खुल्या आहेत. २००३ मध्ये निधन झालेल्या सुरेश भटांच्या गझलेला चाल लावून ती प्रसिद्ध करायची तर परवानगी लागेल. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण ‘अभंग तुकयाचे’मधील श्रीनिवास खळे यांच्या चाली नाहीत. खळे यांचे निधन २०११ मध्ये झाले. त्यांच्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत राहतील.

इंटरनेटवरून घेतलेल्या तयार बीटचेही तसेच. तोच बीट इतरांनाही विकला गेला असेल, तर त्यावर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत दावा लावू नये. दुसऱ्याच्या गाण्यावर चुकीचा दावा जाऊन वाद उभा राहतो.

एकाच ॲपवर भिस्त ठेवावी का?

नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो फॉलोअर्स असलेली खाती एका रात्रीत निकामी झाली. २०२४ मध्ये रेसो आणि विंक या ॲपनीही भारतात गाशा गुंडाळला. श्रोत्यांचे ईमेल, व्हॉट्सॲप चॅनेल आणि प्रत्यक्ष कार्यक्रम ही जोडणी म्हणूनच महत्त्वाची. मूळ रेकॉर्डिंगच्या फाइल, वाट्याचे कागद आणि आयएसआरसी क्रमांक दोन ठिकाणी जपून ठेवले, तर ॲप बंद पडले तरी गाणे दुसरीकडे नेता येते.