पाहुण्याचे ताट

तुळजापूरला आई भवानीच्या दर्शनाला दूरदूरची माणसे येतात. आपले येसराचे कालवण त्यांतल्या कितीकांना नवे असते. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी येते. मग पाहुणा घटाघटा पाणी पितो. पण पाण्याने आग विझत नाही. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही. दूध-दही मात्र त्याला जिभेवरून काढून नेते. म्हणून पाहुण्यापुढे दह्याची वाटी ठेवावी.

त्याला कुणी हसू नये. मिरची तरी मुळची आपली कुठे? ती अमेरिका खंडातली. सुमारे 500 वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी ती समुद्रावरून आणली. त्याआधी आपले वाडवडील तिखटाला मिरी वापरीत. मिरचीचा पहिला घास त्यांनाही झोंबलाच असेल!

कालवण आधी थोडेच वाढावे. जीभ हळूहळू सरावते. पाहुणा लाजून अर्धपोटी उठला, तर कमीपणा आपल्याला.